होडी वर, तर हप्ता वर

नवापूर, बोईसर
१० मार्च १९६६

पुष्पे,

गाडी दारात उभी हाय! होळीच्या दुसऱ्या दिवशी आली. लष्करातून काढलेला जुना ट्रक, पण तुजा नवरा कामाला हाय त्या पेढीने हिरवा रंग मारून असा सजवलाय की तुजी शकूवहिनी बोलली, या नवरीला आधी हळद लावा. भावजी मुंबईपासून स्वतः शेजारी बसून आले. विकणारा माणूस इतक्या लांब गिऱ्हाइकाच्या दारात येतो कुठे? पण आपला जावई पडला ना! आळीत शिरताना सोमीच्या बोंबील सुकवायच्या वलांडीचा बांबू मोडला. एरवी तिने माज्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, त्या दिवशी बया हसत होती.

बाबाने होडीच्या नाळेला लावतात तसा शेंदूर गाडीच्या नाकाला लावला. नाव ठेवलं जमना. आई असती तर बोलली असती, मेल्यांनो, माजं नाव धुरात घातलंत. होडीतला बाबाचा वाटा विकला, शकूच्या पाटल्या गेल्या, पण आता मासळी आणि बर्फ बोईसर स्टेशनवर न्यायला दुसऱ्याची विनवणी नाय. उरलेले हप्ते गाडीच फेडील.

नारळ फोडायच्या आधी बाबा थांबला. सगळी आळी उभी होती. बाबा बोलला, "आत्माराम, पावसात काय? दर्या बंद, मासळी बंद, मग गाडी काय वाहणार आणि हप्ता कुठून येणार?" भावजी पालघरजवळच्या माहीमचे, दर्यावरच वाढलेले, त्यांना काय समजावायचं? आपल्याला होडीवर उचल देणारा व्यापारी होडी किनाऱ्यावर चढली की नारळी पुनवेपर्यंत दारात पाय ठेवत नाय, हे त्यांना ठाऊक. त्यांनी उजवा हात नारळावर ठेवला, बाबाने लग्नात घातलेली माशाची अंगठी सगळ्यांनी बघितली, आणि मोठ्याने बोलले, "मामा, होडी वर, तर हप्ता वर." म्हणजे पुनवेपर्यंत हप्ता बंद. मग बाबाने नारळ फोडला. कागद सगळे इंग्लिशीत होते. भावजी बोलले, त्यात हेच लिहिलंय. मी सह्या केल्या.

सोमीबरोबर सुके बोंबील धाडतोय. आता मुंबईकरीण होऊन "आहे-नाही" लिहितेस, पण बोंबील बघून "हाय रे देवा" ओरडशील, बघ.

तुजा दादा
एकनाथ

~

माझगाव, मुंबई
२ एप्रिल १९६६

दादा,

बोंबील मिळाले आणि मी ओरडले, झालं समाधान? शेजारची बाई धावत आली, तिला वाटलं साप निघाला. तशीही ती मला घाबरून असते. बाबाने लग्नात दिलेल्या कोयत्याने मी एका घावात नारळ फोडते, तेव्हा ती पोराला आत घेते.

गाडीचं वाचून फार बरं वाटलं. आईचं नाव रस्त्यावरून फिरणार! यांना विक्रीवर पेढीने बक्षिसी दिली. त्यातून यांनी मला पातळ आणलं आणि स्वतःला बूट. खूष आहेत. पण तू लिहिलेलं नारळाचं वाचून दाखवलं तेव्हा पत्र हातातून घेऊन पुन्हा वाचलं. "एकनाथ सगळं लिहीत बसतो का?" असं म्हणाले. म्हणून सांगते, राग मानू नको. तो इंग्लिश कागद तिथल्या मास्तरांना एकदा वाचायला दे. बोलणं बोलण्याच्या जागी, पण पेढीचे शेठ दर्यावरचे नाहीत.

बाबाचा खोकला कसा आहे? वहिनीला म्हणावं, पाटल्या परत होतील, हात तेवढे शाबूत ठेव.

तुझी
पुष्पा

~

नवापूर
२० जून १९६६

पुष्पे,

मास्तरांना कागद द्यायला सांगितलंस तेव्हा मला रागच आला होता. घरच्या माणसाने नारळावर हात ठेवलेला, आणि मी तो मास्तरांकडे तपासायला नेऊ? म्हणून जवाब नाय लिहिला. आता ऐक.

दर्या बंद झाला. होड्या वर घेतल्या, आणि त्यांच्याच रांगेत जमनाही वर घेतली. चाकं काढून घरात ठेवली, गाडी ओंडक्यांवर चढवली, वर झावळ्या शाकारल्या, लोखंडाला मासळीचं तेल चोळलं. मास्तर बोलले, एकनाथ, ट्रक हाय तो, होडी नाय. मी बोललो, पावसात दोघींना काम नाय. नाय म्हणायला तारापूरला ते विजेच्या कारखान्याचं मोठं काम चाललंय, तिथे गाडी वर घ्यायच्या आधी खडी वाहायला गेलो होतो. तिथल्या ठेकेदाराच्या ट्रकवाल्यांनी पुढची काच फोडली आणि माज्या क्लीनरच्या, नवशाच्या, डोक्यात पाना घातला. "इधर हमारा गाडी चलेगा." मीही एकाचं नाक फोडलं, पण काम गेलंच.

आणि गेल्या आठवड्यात पेढीचा माणूस आला. बोलतो, फायनान्स देणाऱ्यांना पहिला कागद पसंत नाय पडला. आता या नव्यावर सही कर. हप्ता वाढला, आणि पावसाची सूट वगैरे पहिल्या कागदातही नव्हती, यातही नाय. मी बोललो, गाडी विकून तीन महिने झाले, आता कसला दुसरा कागद? तुजं लग्न लागून तीन महिन्यांनी सासरा आला आणि बोलला, ही नको, दुसरी घे, हुंडा वाढवून दे, तर देशील? तो बोलला, "तुमा मासळीवाल्यांना कागद कळत नाय, डोस्क्यात खारं पाणी तुमच्या."

मग माजं डोस्कं फिरलं. पट्ट्याला धरून त्याला फरफटत खाडीपर्यंत नेला. ओहोटी होती. चिखलात फेकला, कमरेपर्यंत रुतला, आणि तो नवा कागद त्याच्या तोंडात कोंबला. चाव म्हटलं, चांगला चावून खा. बाबाने वल्हं टाकून बाहेर काढला, नायतर भरतीने नेलाच असता. बाबा माज्यावरच ओरडला. ओरडू दे.

भावजींना सांग, तुमच्या शेठला नारळाचं सांगा. तुमच्या एका शब्दाने मिटेल.

एकनाथ

~

माझगाव
३ जुलै १९६६

दादा,

काय करून बसलास रे! तो माणूस तापाने फणफणत पेढीत आला. शेठ सगळ्यांसमोर यांच्यावर चढले. तुमचीच सासुरवाडी, विक्री तुम्ही केलीत, आता गाडी तुम्हीच आणा, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं तोंडावर सांगितलं.

मी यांना विचारलं, नारळावर हात ठेवून काय बोललात ते शेठला सांगितलंत का? म्हणाले, "नारळाची पावती होते का?" मी म्हटलं, आमच्या आळीत होते. पुढे जरा वाद झाला. मी जिन्यात घसरले, डोळ्याखाली लागलं. काही विशेष नाही, उतरेल.

दादा, तुझ्या पाया पडते, त्या नव्या कागदावर सही करून टाक. शेठने गाड्या उचलून आणायला चार माणसं ठेवली आहेत. एक तर पैलवान आहे, त्याने परळला एका टॅक्सीवाल्याची बोटं दारात घालून चिरडली, हे यांनीच हसत सांगितलं. यांना हसताना बघून मी उठून आत गेले. यंदा श्रावण दोन आले, नारळी पौर्णिमा लांब गेली. शेठ तोवर थांबणार नाहीत. गाडी गेली तर जाऊ दे, तू आणि बाबा धड राहा.

पुष्पा

~

नवापूर
२४ जुलै १९६६

पुष्पे,

गाडी गेली. बाबा गेल्यातच जमा हाय.

मी पालघरला वकिलाकडे गेलो होतो. तुजं ऐकून, सही करायची तर कशी करायची ते विचारायला. हे ध्यानात ठेव, मी सही करायला तयार झालो होतो. इकडे दुपारी जीप आणि तिच्यामागे एक ट्रक साखळ्या घेऊन आला. आमची गाडी ओंडक्यांवर, चाकं घरात. चाकांसाठी ते घरात घुसले. शकू दारात आडवी झाली. पैलवानाने तिला केसाला धरून चुलीवर आपटली. तिने चुलीवरचं उकळतं कालवण त्याच्या छातीवर ओतलं. त्याची कातडी सोलली, तो बैलासारखा ओरडला, पण बाकीच्यांनी चाकं नेलीच. आळी धावून आली तर त्यांच्या हातात लोखंडी सळ्या. नवशाचे पुढचे दात गेले. सोमीने एकाच्या डोक्यात दगड घातला, तो तिथेच बसला.

बाबाने काय केलं ठाऊक हाय? नांगराची दोरी घेतली, एक टोक बंपरला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला, आणि गाडीपुढे चिखलात आडवा झाला. बोलला, "जमनेला न्यायचं तर मला ओढत न्या." ते चौघेही क्षणभर थांबले. भाड्याचे गुंड, पण म्हाताऱ्यावरून गाडी घालायला त्यांचा हात उठेना.

तवर जीपमधून एक माणूस उतरला. इतका वेळ तोंडाला रुमाल बांधून आत बसलेला. त्याने गाडी चालू करायचं लोखंडी हँडल उचललं आणि बाबाच्या खुब्यावर घातलं. एकदा नाय, तीनदा. मग सुरीने दोरी कापली. शकूने त्याचा हात जवळून बघितला. माशाची अंगठी होती, पुष्पे. बाबाने घातलेली.

बाबा ओरडला नाय. फक्त बोलला, "आत्माराम, रुमाल काढ, घाम येतोय तुला." आणि बेशुद्ध पडला.

खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर बोलतो, या वयात सांधत नाय. चौकीवर गेलो, तर कागद त्यांच्या बाजूने हाय बोलले. ठीक हाय. मग मी माज्या बाजूने काय ते करतो. जो हात नारळावर ठेवला, तो हात मला पायजे. होड्या पाण्यात जायच्या आत. तू बहीण म्हणून तुला आधी सांगतो, मागून बोलू नको की सांगितलं नाय.

एकनाथ

~

माझगाव
२९ जुलै १९६६

दादा,

तुझं पत्र वाचून मी भिंतीवर डोकं आपटलं. शेजारणीने धरलं मला.

पण तू चुकतोयस. ते हे नव्हते. देवाशप्पथ नव्हते. त्या दिवशी हे पेढीच्या कामाला नाशिकला गेले होते, येताना द्राक्षांचा मनुका घेऊन आले, पुडा अजून फळीवर आहे. अंगठी तर यांची एप्रिलमध्येच हरवली, लोकलमध्ये कुणीतरी काढून घेतली म्हणाले. मी रडून विचारलं तर यांनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "तुझ्या बापाला मी मारीन? तुझ्या जिवाची शपथ घेऊन सांगतो, मी नव्हतो." दादा, हेही रडले. मी इतक्या वर्षांत यांना रडताना बघितलं नव्हतं.

वहिनीने गडबडीत काय बघितलं कुणास ठाऊक, बाबालाही वेदनेत भास झाला असेल. माशाची अंगठी काय जगात एकच आहे? तू तुझा नवस सोड. तुझी पोरं लहान आहेत. एका बाजूला तू, एका बाजूला हे, मी कुठे उभी राहू? मला बाबाकडे यायचंय, पण हे म्हणतात, आत्ता वातावरण तापलंय, पुढच्या महिन्यात जा. बाबाला सांग, पुष्पी येतेय. त्याला पेज भरवताना माझं नाव घे.

पुष्पा

~

नवापूर
५ ऑगस्ट १९६६

पुष्पे,

तुजं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. तू बोलतेस ते खरं असेल. शकूच्या डोळ्यात तेव्हा धूर गेला होता, माणूस चुकतो. रागात मी काय लिहिलं ते मनात ठेवू नको, भावजींनाही तसं सांग.

बाबा बरा हाय. कालपासून पेज जाते. तुजी आठवण काढतो, जावयाचीही काढतो. अधिक महिना चाललाय, जावयाला वाण द्यायला हवं, नायतर बाबाच्या जिवाला चैन नाय. तर येत्या रविवारी, चौदा तारखेला, भावजींना धाड. बोईसर स्टेशनवर मी स्वतः घ्यायला येतो. अनारसे शकू करणार हाय. तू मात्र येऊ नको. पाऊस फार हाय, खाडीवरचा रस्ता वाहून गेलाय, बाईमाणसाचं काम नाय. ते एकटे आले तरी बाबाला पुरे. गाडीचंही दोघे बसून बोलू. झालं गेलं खाडीत टाकू.

जरूर धाड.

एकनाथ

~

भायखळा
१६ ऑगस्ट १९६६

दादा,

पत्ता बघून दचकू नको. मी कोठडीत आहे. इथली जमादारीण चांगली आहे, कागद आणि शाई तिने दिली, पत्रही तीच न दाखवता टपालात टाकणार आहे. हे पत्र तुला पोचेपर्यंत तुला बातमी कळलेली असेल, पण मला माझ्या तोंडाने सांगायचंय. आधी तुझ्याशी भांडते, मग सांगते.

शुक्रवारी मी बाजारात गेले होते. तिथे सोमी भेटली, सुकटाची टोपली घेऊन बसलेली. मला बघून तिने तोंड फिरवलं. मी खांदा धरून फिरवली तर म्हणाली, "बापाच्या दहाव्याला नाय आलीस गं बाय? कावळा शिवेना, तुजं नाव घेतलं तवा शिवला." दादा, मी भर बाजारात मासळीच्या पाण्यात बसले. बाबा एक तारखेला गेला! आणि पाच तारखेला तू मला लिहितोस, पेज जाते, जावयाची आठवण काढतो! सुतकात अनारसे तळणार होतास? वाण देताना जावयाशेजारी लेक लागते, आणि लेकीला येऊ नको म्हणतोस? मेल्या, मला कळणार नाही वाटलं? माझा बाप मेला ते माझ्यापासून लपवलंस, त्याच्या नावाने गळ टाकलास, आणि गळाला माझा नवरा. याची माफी मी तुला देणार नाही. रडायला दिलं नाहीस तू मला.

सोमीला मी विचारलं, तू होतीस ना तिथे, खरं सांग. ती म्हणाली, "रुमाल सुटला होता गं शेवटाला. मी थुंकले त्याच्या तोंडावर." एवढं झाल्यावर मी घरी आले आणि घर उलटंपालटं केलं. अंगठी दाढीच्या डब्यात होती, साबणाच्या वडीखाली. हरवलेली अंगठी. मनुक्याच्या पुड्यावर इथल्याच नाक्यावरच्या दुकानाचं नाव होतं. तो पुडा माझ्यासमोर जवळजवळ तीन आठवडे फळीवर होता, आणि मी तो वाचला नव्हता, कारण मला वाचायचा नव्हता.

आता मी त्याचं नाव घेते. आजवर घेतलं नाही. आत्माराम शनिवारी संध्याकाळी कामावरून आला. खुशीत होता, रविवारी सासुरवाडीला वाण घ्यायला जायचं म्हणून नवी टोपी आणली होती. गाडीच्या बाकीचं मिटलं की शेठ बढती देणार होते. मी पाटावर नारळ फोडत होते. मी त्याच्यासमोर अंगठी ठेवली.

आधी हसला. मग म्हणाला, "म्हाताऱ्याला दोरी बांधून आडवं व्हायला कुणी सांगितलं होतं? माझी नोकरी जात होती." मी म्हटलं, बाबा गेला. एक तारखेलाच. तेव्हा तो खाली बसला. मला वाटलं, आता तरी रडेल. पण त्याचं डोकं दुसरीकडे चालत होतं. म्हणाला, "मग उद्या मला बोलावतो कोण? तुझा भाऊ मला कापायला बोलावतोय!" आणि उठला. तुझी पत्रं मी ट्रंकेत ठेवते ते त्याला माहीत होतं. म्हणाला, हात पायजे असं त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, आत्ता चौकीत नेतो, तुझ्या भावाला सात वर्षं खडी फोडायला लावतो.

मी ट्रंकेवर बसले. त्याने डाव्या हाताने माझे केस धरले आणि ओढत खाली पाटापर्यंत आणलं. जुलैमध्ये मी जिन्यात घसरले नव्हते, दादा. त्याआधीही कधी घसरले नव्हते. त्याने मला वाकवलं, आणि तोल सावरायला उजवा हात पाटावर टेकला. नारळाच्या कवडीवर. तोच हात. आळीसमोर नारळावर होता तो, माझ्या डोक्यावर होता तो, बाबाच्या खुब्यावर हँडल घालणारा तो. कोयता माझ्या हातातच होता.

मी एकच घाव घातला. दुसरा लागला नाही. बाबा धार तशीच लावायचा.

रक्त इतकं उडालं की फळीवरचा मनुका भिजला. तो माझ्याकडे बघत राहिला, जणू मी त्याला काहीतरी न सांगता विकलं. मीच त्याच्या दंडाला माझ्या पातळाची चिंधी आवळून बांधली, त्याने आणलेल्या पातळाची. शेजाऱ्यांना हाक मारली. तो जगलाय, हात गेला. मी चालत चौकीत गेले आणि कोयता टेबलावर ठेवला. जाण्याआधी तुझं जुलैचं आणि ऑगस्टचं पत्र चुलीत घातलं. फौजदाराने विचारलं, कुणी शिकवलं? मी म्हटलं, कुणी नाही, माझा बाप, माझा राग.

आता तुझ्यासाठी काही उरलेलं नाही. जो हात तुला पाहिजे होता तो गेला. तू त्याच्या वाटेला गेलास तर माझा हा तुरुंग फुकट जाईल, हे डोक्यात पक्कं घाल. पुनवेला होडीवर जा. वाटा नसेल तर मजुरीवर जा. नारळ दर्याला देताना बाबाचं नाव घे, आणि माझंही घे, मी जिवंत आहे तरी घे.

पुष्पी

~

नवापूर
१२ जून १९६७

पुष्पे,

कोर्टात तीन वर्षं सांगितली तेव्हा मी मागे उभा होतो. तू मागे वळून बघितलं नायस. बरोबर केलंस. बाबाचं मरण लपवलं त्याचा मार मी रोज खातो, तू मारायची गरज नाय. दहा महिने मी तुला लिहिलं नाय, कारण लिहायला बसलो की ते पाच तारखेचं पत्र आठवायचं आणि कागद फाडून टाकायचो.

तू सांगितलंस तसंच केलं. पुनवेला होडीवर गेलो, दुसऱ्याच्या. नारळ देताना दोन्ही नावं घेतली. तांडेल बोलला, जित्या माणसाचं नाव कशाला घेतोस? मी बोललो, तू तुजं सुकाण बघ.

पेढीवाले दिवाळीनंतर परत आले. गाडी नेली, विकली, तरी बाकी उरते बोलले, आणि नवा कागद पुढे केला. मी हात मागे बांधून उभा राहिलो, तुज्या शब्दाखातर. पण आळीतल्या बायांनी कुणाला शब्द दिला नव्हता. सोमीने टोपलीभर सुकटाचं पाणी त्या माणसाच्या डोक्यावर ओतलं, शकूने त्याच्या कानशिलात वाजवली, आणि मग सगळ्या बायांनी मिळून ती जीप ढकलत खाडीत नेली. ओहोटीला चाकं रुतली. भरतीला जीप गेली. तो माणूस बोईसरपर्यंत अनवाणी धावत गेला. त्यानंतर कोणी आलं नाय.

जमनेला मी एकदा बघितलं. सफाळ्याच्या एका गवताच्या व्यापाऱ्याने घेतलीय. नावावर लाल रंग मारलाय. मी फाटकाशी उभा होतो, ती गवत भरून गेली. इंजिनाचा आवाज तोच. मी घरी येऊन जेवलो नाय.

आत्माराम माहीमला आलाय, भावाकडे. पेढीने त्यालाही काढलं, एक हात नसलेला माणूस गाड्या काय आणणार. मासळी घेऊन गेलो तेव्हा वाळूत बसलेला दिसला. बाहीला गाठ मारलेली. माज्या हातात वल्हं होतं. तो बघत होता की मी काय करतो. उठून पळालाही नाय. मी समोरून चालत गेलो, थुंकलो पण नाय. पुष्पे, तुज्या कोयत्यापेक्षा ते जड गेलं मला.

परवा पाऊस लागला. होडी वर घेतली, झावळ्या शाकारल्या. आता पुनवेपर्यंत मला काम नाय, आणि कोणी दारात येणार नाय. म्हणून तुला हलवलंय तिथे, पुण्याला येतो. यरवड्याच्या साहेबाला मास्तरांनी लिहून विचारलं, भेट महिन्यातून एकदाच देतात बोलले. शकू बोलते, मग बाकीचे दिवस तिथे काय करणार? बसेन बोललो. भिंतीबाहेर एखादं झाड असेलच. फाटकं जाळं घेऊन येतोय, विणत बसेन.

आतून हाक मारलीस तर ऐकू येणार नाय. पण मी तिथे हाय, एवढं लक्षात ठेव. दर पावसाला येईन, तू सुटेस्तोवर. हे मी नारळावर हात ठेवून नाय बोलत. असंच बोलतोय.

तुजा दादा
एकनाथ